जादू नसलेला वीर : माणूस की अतिमानव?



व्याख्यानमालेच्या चालकांनी मला इतिहासावर बोलावयास सांगितले, तेव्हा संपांचा किंवा गिरण्यांचा इतिहास ऐकावयास मिळेल अशी त्यांची अपेक्षा असावी. गेली तीस वर्षे मी कामगार संघटनेचे काम करतो. शाळा लवकर सुटली. पुढचे वाचन झाले ते युनियनच्या कचेरीत, रात्रीच्या वेळी आणि हाताशी कोश घेऊन. अशा माणसाने एका खेळाचा इतिहास सांगावा याचे आपणास नवल वाटेल. परंतु हा खेळ आमच्या सभासदांची मुले रविवारी आमच्याच कचेरीतील टेबलावर खेळतात, आणि त्या टेबलावर एक वाद हमखास पेटतो. तो वाद ऐकता ऐकता माझ्या ध्यानात आले की ही पोरे ज्याविषयी भांडत आहेत तो माझ्याच धंद्यातला प्रश्न आहे. म्हणून नियमांची जुनीनवी पुस्तके मी मागून घेतली आणि क्रमाने वाचली. त्या वाचनातून जे हाती लागले ते आज आपणापुढे मांडतो.

खेळाचे नाव 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'. तो अमेरिकेत १९७४ साली निघाला. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. एक जण सूत्रधार होतो. तो एक काल्पनिक मुलूख उभा करतो आणि त्यातल्या गुहा, राक्षस, राजेरजवाडे, वाटमारे या सर्वांच्या वतीने बोलतो. बाकीचे प्रत्येकी एक पात्र घेतात. कोणी जादूगार होतो, कोणी धर्मोपदेशक, कोणी चोर, कोणी योद्धा. पात्राने काय करावयाचे ते खेळणाऱ्याने सांगायचे. ते साधले की फसले हे फाशाने ठरवायचे. पात्र अनुभवाने वाढते आणि एकेक पायरी वर चढते. जादूगाराजवळ मंत्र असतात, उपदेशकाजवळ देवाची कृपा असते. योद्ध्याजवळ मात्र आपले शरीर, आपले शस्त्र आणि आपला सराव यांपलीकडे काही नसते.

वाद आहे तो याच योद्ध्याविषयी. वरच्या पायरीला पोहोचलेला योद्धा डोंगराएवढ्या अजगराशी समोरासमोर लढतो, त्याच्या श्वासाच्या आगीत उभा राहतो आणि जिवंत बाहेर येतो. मग त्याला माणूस म्हणावे की अतिमानव? एक पक्ष म्हणतो, "त्याच्यापाशी जादू नाही, म्हणून तो माणूसच. माणसाला जे अशक्य ते त्यालाही अशक्यच असले पाहिजे." दुसरा पक्ष म्हणतो, "असे घाव सोसणारा माणूस कोणी पाहिला आहे? तो अतिमानवच आहे. मग त्याला अतिमानवासारखे काही करूही द्या." पन्नास वर्षे होऊन गेली, वाद मिटलेला नाही.

पहिला प्रश्न असा की वीराचे बळ लोक मोजतात कशात? मोटारीचे बळ आपण घोड्यांत मोजतो. वीराचे बळ मात्र पुष्कळ ठिकाणी माणसांत मोजलेले आढळते. जुन्या इंग्रजीतील बेओवुल्फ या काव्याचा नायक मंत्रतंत्र जाणत नाही. कवी एवढेच सांगतो की त्याच्या हाताच्या पकडीत तीस माणसांचे बळ होते. आपल्याकडे दहा हजार योद्ध्यांशी एकटा लढेल तो महारथी, अशी परंपरेची व्याख्या आहे. आणि हा हिशेब नेहमी निर्मळ असतो असेही नाही. उद्योगपर्वात भीष्म दोन्ही सैन्यांतील रथी-अतिरथींची मोजदाद करतात आणि भर सभेत कर्णाला अर्धरथी ठरवतात. कर्ण इतका संतापतो की भीष्म जिवंत असेतो शस्त्र धरणार नाही असे सांगून मोकळा होतो. वीराचा आकडा लिहिणारा कोण, हा प्रश्न तेव्हापासूनचा आहे.

आता खेळाच्या मुळाकडे वळू. १९७१ साली गॅरी गायगॅक्स आणि जेफ पेरेन या दोघांनी 'चेनमेल' नावाचे एक पुस्तक काढले. ते मध्ययुगीन लढायांच्या खेळाचे होते. टेबलावर शिशाची छोटी सैन्ये मांडावयाची, फासे टाकावयाचे आणि लढाई निकालात काढावयाची. पुस्तकाच्या शेवटी एक पुरवणी होती. आपल्या सैन्यात राक्षस, जादूगार आणि पुराणातले वीर उतरवावयाचे असतील त्यांच्यासाठी ती लिहिलेली होती. तिच्यात 'हीरो' चार माणसांच्या बरोबरीने लढतो, आणि त्याच्यावरचा 'सुपरहीरो' जवळजवळ दुप्पट, म्हणजे आठांच्या बरोबरीने. साध्या सैनिकांनी हीरोला मारावयाचे तर एकाच वेळी चार प्राणघातक वार बसले पाहिजेत. तीन बसले तर त्याला काहीच होत नाही.

तेव्हा आमच्या मुलांच्या वादाचे उत्तर १९७१ सालीच छापलेले होते असे म्हणता येईल. जादू नसलेल्या वीराला त्या पुस्तकाने सरळ सुपरहीरो म्हटले. परंतु त्याच परिच्छेदात आणखी एक नियम आहे आणि वाद घालणारे त्याच्याकडे सहसा पाहत नाहीत. हीरो ज्या तुकडीबरोबर उभा राहतो त्या तुकडीच्या फाशाला एक अंक वाढवून मिळतो. म्हणजे त्याची थोरवी दोन ठिकाणी मांडलेली होती : एक त्याच्या अंगात आणि दुसरी त्याच्या शेजारी उभ्या असलेल्या माणसांत. या दोन खात्यांचे पुढे काय झाले, तोच माझ्या आजच्या भाषणाचा विषय आहे.

गायगॅक्स हा शिकागोच्या एका विमा कंपनीत काम करी. माणसाच्या जोखमीचा आकडा ठरविणे हा त्याचा धंदा. १९७० साली ती नोकरी गेली, आणि विस्कॉन्सिन राज्यातील लेक जिनिव्हा या गावी घरी बसून तो जोडे दुरुस्त करू लागला. त्याच सुमारास मिनेसोटा राज्यातील डेव्ह आर्नेसन 'चेनमेल'चे नियम घेऊन वेगळाच खेळ खेळत होता. त्याच्या खेळात सैन्य नव्हते. एकेक खेळाडू एकेक माणूस होऊन तळघरांतून हिंडे. दोघांनी मिळून नवा खेळ बांधला. १९७३ च्या ऑक्टोबरात गायगॅक्सने डॉन के या मित्राबरोबर छोटी कंपनी काढली. मित्राने आपल्या आयुर्विम्यावर कर्ज उचलून भांडवल घातले. १९७४ च्या जानेवारीत तीन पुस्तिकांचा संच निघाला. पहिली आवृत्ती एक हजार प्रतींची होती आणि प्रती घरीच हातांनी लावून पेटीत भरल्या होत्या. ज्या खेळाने पुढे कोट्यवधी लोकांना वेड लावले, तो एका बेकार झालेल्या माणसाच्या घरातून बाहेर पडला हे आपल्यासारख्यांनी लक्षात ठेवण्यासारखे आहे.

या पुस्तिकांत योद्ध्याच्या प्रत्येक पायरीला नाव होते. पहिल्या पायरीचा 'व्हेटरन', चौथीचा 'हीरो', आठवीचा 'सुपरहीरो' आणि नववीचा 'लॉर्ड'. चार माणसांचा वीर चौथ्या पायरीवर आणि आठ माणसांचा आठव्या पायरीवर, असा हा जुन्या हिशेबाचाच जिना होता.

एक गोष्ट मात्र बदलली. जुन्या खेळात वीर एक तर उभा असे नाही तर मेलेला असे. आर्नेसनच्या टेबलावरील खेळाडूंना आपले पात्र एका फाशात मेलेले रुचेना. तेव्हा त्याने अमेरिकन यादवी युद्धातील लोखंडी युद्धनौकांच्या खेळासाठी केलेल्या आपल्या जुन्या नियमांतून एक युक्ती उचलली, असे त्याने पुढे सांगितले आहे. नौकेच्या कवचाला किती मार सोसेल याचा आकडा असतो; प्रत्येक गोळ्याबरोबर तो घटतो आणि शून्यावर आला की नौका बुडते. तोच आकडा माणसाला लावला. इंग्रजीत त्याला 'हिट पॉइंट' म्हणतात. आपण प्राणांक म्हणू. योद्धा जितका वर चढेल तितके त्याचे प्राणांक वाढतात. लोखंडी नौकेचा हिशेब हाडामांसाच्या माणसाला लागला तो असा.

यातून लगेच पेच उभा राहिला. साध्या शिपायाला एका तलवारीच्या वाराने मरण येते आणि वरच्या पायरीचा योद्धा तसले वीस वार खाऊन चालत घरी जातो, हे कसे? १९७९ साली सूत्रधारासाठी निघालेल्या जाड ग्रंथात गायगॅक्सने याचे उत्तर दिले. त्याचे म्हणणे असे की एवढे सगळे अंक शरीराचे आहेत असे मानणे हास्यास्पद होईल. त्याने दाखला दिला रशियाच्या रासपुटिनचा. १९१६ साली ज्याला ठार मारताना मारेकऱ्यांची पुरेवाट झाली म्हणतात, त्यालाही चार साध्या माणसांहून थोडे अधिक, म्हणजे चौदाच्या वर प्राणांक धरले की पुरे. माणसाच्या देहाची मर्यादा फार तर तेवीसपर्यंत. त्यावरचे सारे अंक म्हणजे लढण्याचे कसब, वार येण्याआधी लागणारी चाहूल, नशीब आणि देवाची मेहेरबानी. वीस वार बसत नाहीत. एकोणीस चुकतात किंवा चाटून जातात, आणि विसावा बसतो.

हे उत्तर मला चांगल्या कारागिराचे वाटते. यंत्रावर वीस वर्षे बोटे शाबूत राखणारा माणूस पोलादी बोटांचा असतो काय? त्याची बोटे आपल्यासारखीच असतात. यंत्राचा आवाज बदलला की त्याचा हात आधीच मागे येतो. या जाणतेपणाला जादू म्हणत नाहीत, आणि तो सर्वसाधारण माणसापाशी असतो असेही नाही. वरदान आणि सामान्यपणा यांच्यामध्ये सरावाचा एक मोठा मुलूख पसरलेला आहे. एकलव्यापाशी वर नव्हता, दिव्यास्त्र नव्हते. होता तो सराव. त्या सरावाची धास्ती कोणाला वाटली आणि त्याची किंमत कोणी वसूल केली, ते आपण जाणताच.

आता दुसरे खाते पाहू. १९७८ च्या नियमपुस्तकात असे आहे की योद्धा नवव्या पायरीला पोहोचला की तो लॉर्ड होतो. त्याने गढी बांधली आणि भोवतालचा मुलूख निर्वेध केला, की शस्त्रधारी लोकांची एक फौज आपण होऊन त्याच्याकडे येते, आणि त्या मुलखातील दर माणशी दरमहा सात चांदीची नाणी त्याला मिळतात. यात सरंजामशाही आहे हे मी नाकारीत नाही. कर देणाऱ्या त्या रयतेची बाजू नियमपुस्तकात लिहिलेली नाही. परंतु नियमाचा गाभा पाहा. जादूगार वर चढला की त्याला नवे मंत्र मिळत. योद्धा वर चढला की त्याला माणसे मिळत. पाचव्या पायरीचा जादूगार हवेत उडू शके. योद्ध्याला उडता येत नसे, पण पुढे तो हाक देई तेव्हा शंभर पाय चालू लागत. हे बळ जादूचे नव्हे आणि एकट्या माणसाच्या आवाक्यातलेही नव्हे. एका माणसाहून मोठे होण्याची ही रीत मानवी आहे, आणि माझ्या मते सर्व रीतींत तीच सर्वांत जुनी आहे.

१९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीतही हा हक्क टिकला. नंतर कंपनी अडचणीत आली. १९९७ साली ती एका दुसऱ्या कंपनीने विकत घेतली, जिच्या नावातच जादूगार आहेत : 'विझर्ड्स ऑफ द कोस्ट'. २००० साली तिसरी आवृत्ती निघाली आणि तिच्यातून योद्ध्याची माणसे गेली. अनुयायी मिळविण्याची सोय सूत्रधाराच्या मर्जीवर सोडलेला एक जादा गुण म्हणून उरली, तीही सर्व वर्गांना सारखी. जादूगाराचे मंत्र मात्र त्याच्याकडे राहिले. कोणी वाईट हेतूने हे केले असे मी म्हणत नाही. टेबलावर शंभर शिपायांचा हिशेब ठेवणे कटकटीचे असते, आणि खेळणाऱ्यांना गढीच्या जमाखर्चापेक्षा साहस हवे होते. परंतु परिणाम असा झाला की योद्ध्याच्या दोन खात्यांपैकी एक बंद झाले. तो एकटा राहिला, आणि एकटा राहिल्यावर त्याला विचारू लागले : तू माणूस आहेस की अतिमानव, ते सिद्ध कर.

याच आवृत्तीच्या २००३ च्या सुधारित नियमांत एक चमत्कारिक वाक्य आले. पात्रांच्या काही शक्तींना 'असाधारण' असे नाव देऊन तेथे म्हटले होते की या शक्ती जादूच्या नाहीत, तरी त्या भौतिक नियमांचे उल्लंघन करू शकतात. म्हणजे कायद्यात योद्ध्याला अतिमानव होण्याची मुभा होती. व्यवहारात त्याच्या वाट्याला आली ती वाराला एक अंक, नेमाला एक अंक अशी बढती. आमच्याकडे करारात भत्त्याचे कलम असते आणि पगाराच्या चिठ्ठीत भत्ता नसतो, तसाच हा प्रकार झाला.

पुढे दोनदा दुरुस्ती झाली. २००६ साली 'बुक ऑफ नाइन स्वोर्ड्स' या जोडनावाचा ग्रंथ निघाला. त्यात शस्त्रधाऱ्यांना नावानिशी डावपेच मिळाले. २००८ च्या चौथ्या आवृत्तीने तर सर्व वर्गांना एकाच मापाने शक्ती वाटल्या. योद्ध्याच्या शक्तीविषयी तिने लिहिले ते असे, की रूढ अर्थाने ही जादू नाही, पण यातील काही शक्ती साध्या मर्त्य माणसाच्या पलीकडच्या आहेत. त्याच पुस्तकात 'वॉरलॉर्ड' नावाचा एक नवा वर्ग होता. त्याच्यापाशी मंत्र नव्हता. तो रणात साथीदाराला हाक मारून धीर देई आणि त्या शब्दाने साथीदाराचे प्राणांक परत येत. पडलेला उठून उभा राही.

यावर मोठा गिल्ला झाला. "ओरडून कोठे जखमा भरतात काय?" असे अनेक खेळाडू विचारू लागले. परंतु १९७९ चे उत्तर आठवा. प्राणांक जर नुसते मांस नव्हेत, त्यांत कसब आहे, हिंमत आहे, तर हिंमत शब्दाने परत येते यात अशक्य ते काय? संपाच्या विसाव्या दिवशी घरात शिधा संपलेला असतो, माणूस दाराशी बसून राहतो, आणि शेजारच्या खोलीतला सोबती येऊन "चल, गेटवर जाऊ" एवढेच म्हणतो. तो उठतो. त्याच्या पोटात अन्न पडलेले नसते, जखम भरलेली नसते. मी हे अनेकदा पाहिले आहे. यास कोणी जादू म्हणाले तर मी भांडणार नाही, पण अशक्य म्हणाले तर अवश्य भांडेन.

२०१४ साली पाचवी आवृत्ती आली. तिच्या मूळ पुस्तकात वॉरलॉर्ड हा वर्ग नाही. योद्ध्याच्या एका उपप्रकारात त्याची थोडी छाया राहिली. ही आवृत्ती फार गाजली. तिच्या नियमांवरून मी एक लहानसा ताळेबंद मांडला आहे. आकडे साधे आहेत.

उंचावरून पडल्यास दर दहा फुटांना सहा बाजूंचा एक फासा टाकावयाचा आणि तेवढे प्राणांक वजा करावयाचे, असा नियम आहे. फासे जास्तीत जास्त वीस. म्हणजे कितीही उंचावरून पडले तरी १२० च्या वर नुकसान नाही. विसाव्या पायरीच्या, बऱ्यापैकी काटक योद्ध्याचे प्राणांक सरासरीने १८४ भरतात. म्हणजे हा गृहस्थ मैलभर उंचीवरून खडकावर पडला तर मरणे शक्यच नाही. तो उठतो, आठ तास विश्रांती घेतो आणि सकाळी त्याच्या अंगावर ओरखडाही नसतो. आठ तासांच्या विश्रांतीसाठी जगभरच्या कामगारांनी लढा दिला; तिचा एवढा गुण आम्हांलाही ठाऊक नव्हता! १९७२ साली व्हेस्ना व्हुलोविच ही विमानसेविका दहा हजार मीटरांवरून विमानाच्या तुकड्यासह कोसळून वाचली, त्याचे जगाला आश्चर्य वाटले, आणि तिला कित्येक महिने इस्पितळात काढावे लागले. आमच्या योद्ध्याला ते रोज जमते.

आता ताळेबंदाची दुसरी बाजू. याच योद्ध्याचे बळ माणसाच्या कमाल मर्यादेला, म्हणजे २० ला, पोहोचले आहे असे धरा. धावत येऊन तो लांब उडी मारतो ती वीस फूट, सुमारे ६.१ मीटर. माइक पॉवेलने १९९१ साली टोकियोत ८.९५ मीटर उडी मारली. उंच उडीत योद्ध्याची मजल आठ फूट. हाविएर सोतोमायोरने १९९३ साली २.४५ मीटर, म्हणजे आठ फुटांहून किंचित अधिक, उडी घेतली. योद्धा उचलू शकतो ६०० पौंड, सुमारे २७२ किलो. एडी हॉल या इंग्रज पैलवानाने २०१६ साली जमिनीवरून ५०० किलो उचलले.

तेव्हा उत्तर काय? सोसण्याच्या खात्यात योद्धा अतिमानव आहे. करण्याच्या खात्यात तो चांगल्या खेळाडूहूनही उणा आहे. मार खावयाचा असला की तो लोखंडी नौका असतो, आणि काही मागावयाचे असले की त्याला आठवण करून देतात : "बाबा रे, तू शेवटी माणूस आहेस, मर्यादेत राहा." जादूगाराला असे कोणी म्हणत नाही. सतराव्या पायरीला त्याला इच्छापूर्तीचा मंत्र मिळतो. त्याची मर्यादा कोणती, हे कोणी निसर्गाला विचारीत नाही.

हा दुहेरी हिशेब ज्याने कधी करारनामा वाचला आहे त्याला ओळखीचा वाटेल. गटार उपसणारा, भट्टीसमोर उभा राहणारा, दोन पाळ्या लागोपाठ करणारा माणूस संकटाच्या दिवसांत वीर ठरतो. त्याला हारतुरे मिळतात. तोच माणूस पगारवाढ मागावयास गेला की अकुशल ठरतो. सोसणे अमानुष असले तरी चालते. मागणे मात्र माणसाच्या बेताचे हवे. खेळाच्या नियमकर्त्यांनी हे मुद्दाम रचलेले नाही. समाजाच्या अंगी जी सवय मुरलेली आहे ती त्यांच्या फाशांत न कळत उतरली, एवढेच.

कोणी म्हणेल, मग योद्ध्याला उघड अतिमानव करून टाका. तसेही झाले आहे. 'पाथफाइंडर' या दुसऱ्या खेळाच्या २०१९ च्या आवृत्तीत साधे कसबही 'लेजंडरी' पायरीला नेता येते. अशा कसबाचा माणूस कोणत्याही उंचीवरून पडला तरी मांजरासारखा पायांवर उतरतो आणि त्याला इजा होत नाही. दुसरा एक गुण असा की माणूस अन्नपाण्यावाचून कायमचा जगतो आणि कसलीही थंडी, कसलाही उन्हाळा त्याला बाधत नाही. पहिला गुण वाचून मला आनंद झाला. दुसरा वाचून मात्र मी थबकलो. न खाणारा, न पिणारा, उन्हाने न भाजणारा! असा माणूस कोणत्या मालकाला नको आहे?

या वाटेवरचा धोका इतिहासाने दाखवून दिलेला आहे. १९३५ च्या ऑगस्ट महिन्याच्या अखेरीस सोव्हिएत संघातील दोनबास भागात अलेक्सेई स्ताखानोव्ह या खाणकामगाराने एका पाळीत १०२ टन कोळसा काढला. नेमून दिलेले काम सात टनांचे. म्हणजे चौदा माणसांचे काम एकाने केले. 'चेनमेल'च्या भाषेत तो सुपरहीरोच्याही वरचा. पण त्या रात्री छताला लाकडी टेकू देण्यासाठी त्याच्या मागे दुसरे दोघे जण राबत होते, आणि ते एरवीचे त्याचे काम त्यांनी उचलले होते म्हणूनच त्याला केवळ कोळसा पाडता आला. जगाला नाव कळले ते एकाचे. १९३६ साली अनेक उद्योगांतील नेमून दिलेली कामे वाढविण्यात आली, आणि एकाने केलेला पराक्रम सर्वांच्या मानेवर बसला. मजूर म्हणून स्ताखानोव्ह खरोखर कुशल होता आणि त्याचे कसब मी कमी लेखीत नाही. माझे म्हणणे एवढेच की अतिमानव बनविण्याचा एक सोपा मार्ग म्हणजे त्याच्या शेजारची माणसे हिशेबातून पुसून टाकणे.

म्हणून आमच्या टेबलावरील मुलांना मी सांगतो की तुमच्या वादात दोन्ही पक्षांनी एकच गोष्ट गृहीत धरली आहे. ती म्हणजे योद्धा एकटा आहे. एकटा धरला की दोनच उत्तरे उरतात. तो माणूस असेल तर जादूगाराच्या शेजारी हमाल ठरतो. अतिमानव असेल तर त्याच्यावर कितीही ओझे लादता येते. परंतु १९७१ च्या पहिल्या कागदावर तो एकटा नव्हता. तो उभा राहिला की शेजारच्यांचा फासा एकाने वाढत असे. १९७८ साली त्याच्यामागे माणसे येत. २००८ साली त्याच्या शब्दाने पडलेले उठत. जादूवाचून माणसाहून मोठे होण्याचे जे जे नियम या खेळाने केले, त्यांतील मला पटणारे नियम हे असे माणसांच्या संगतीचे आहेत. बाकीचे नुसते आकडे आहेत.

२०२४ साली पाचव्या आवृत्तीचे सुधारित पुस्तक निघाले. योद्ध्याला शस्त्रांची खास कसबे मिळाली. शत्रूला ढकलणे, पाडणे, त्याची चाल मंदावणे त्याला जमू लागले. दम परत मिळविण्याची त्याची शक्ती आता लढाईबाहेरच्या कामात, फसलेला प्रयत्न सावरण्यासाठीही वापरता येते. करण्याच्या खात्यात थोडी भर पडली, हे चांगले झाले. माणसांचे खाते अजून बंदच आहे.

टेबलावर बंद असलेले हे खाते टेबलाबाहेर मात्र उघडले गेले आहे. 'पाथफाइंडर' काढणाऱ्या पायझो या अमेरिकन कंपनीतील लेखक, संपादक आणि इतर नोकरदारांनी २०२१ च्या ऑक्टोबरात आपली युनियन स्थापन केली. तिचे नाव 'युनायटेड पायझो वर्कर्स'. अमेरिकेतील दळणवळण कामगारांच्या मोठ्या संघटनेशी ती जोडलेली आहे, आणि त्याच महिन्यात कंपनीने तिला मान्यता दिली. ही माणसे दिवसभर वीरांचे आकडे लिहीत होती. त्यांच्यापाशी मंत्र नव्हता, अन्नपाण्यावाचून जगण्याचा गुणही नव्हता. कागदावर सह्या गोळा करून ती एकमेकांच्या शेजारी उभी राहिली, आणि प्रत्येकाच्या फाशाला एक अंक वाढवून मिळाला.